बापटांच्या गाडीची मागची दोन चाकं

आमच्या गॅरेजात जी गिऱ्हाइकं यायची, त्यांना मी तोंडावर कधी वेडं म्हटलं नाही. त्यांच्यावरच माझी चूल पेटत होती. पण मनातल्या मनात रोज म्हणायचो. पंचवीस वर्षं जुनी, दोन सीटची, छप्पर म्हणजे नुसती ताडपत्री, अशी ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाडी घ्यायची आणि तिच्यातून दीड-दोन हजार मैल जायचं. तेही कुठं? तर मोंटानातल्या नाहीतर वायोमिंगमधल्या एखाद्या खोऱ्यात, जिथं गॅस स्टेशन चाळीस मैलांवर आणि मेकॅनिक त्याहून लांब. तिथं अशाच शंभर गाड्या जमणार, मालक एकमेकांची बॉनेटं उघडून बघणार, तीन दिवसांनी परत तोच रस्ता. शिकागोजवळ सपाट मैदानात भरवा की म्हटलं तुमचा मेळावा! तर म्हणायचे, "माने, देअर इज नो फन इन दॅट." आता बोला.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात लेथवर हात काळे केले, मग मोटार गॅरेजात. बायको नर्स, तिला इकडं नोकरी लागली म्हणून तिच्या पदराला धरून मी अमेरिकेत आलो, हे लपवण्यात अर्थ नाही. फ्रँक नावाच्या म्हाताऱ्याचं शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या बाहेर गॅरेज होतं, फक्त जुन्या ब्रिटिश गाड्यांचं. त्यानं मला एक कार्ब्युरेटर खोलून दिला आणि जोड म्हणाला. मी जोडला. ऐंशीचं सगळं दशक मग तिथंच गेलं.

मे महिना लागला की आमच्याकडं परीक्षेचा मोसम. परीक्षा आमची. प्रत्येक मालक लांबच्या प्रवासाआधी गाडी तपासायला आणायचा आणि सोबत स्वतःची काळजीही आणायचा. एक दंतवैद्य होता. तो प्रत्येक भागाची दुसरी जोड बरोबर घ्यायचा, पंप, डायनॅमो, क्लचची प्लेट सुद्धा. शेवटी बायकोची बॅग ठेवायला जागा उरली नाही, तर तिची बॅग आधी बसनं रवाना केली. बायको गाडीत बसली, मांडीवर डायनॅमो. दुसरे एक रिटायर्ड मास्तर होते, ते वाटेतल्या एकेका गॅस स्टेशनला महिनाभर आधी फोन करून विचारायचे, "तुम्ही जूनमध्ये उघडे असणार ना?" हसायला येतं, पण तेव्हा मोबाइल नव्हते. गाडी माळावर बंद पडली की पडली.

म्हणून फ्रँकचा एक नियम होता. निघणाऱ्यानं आमच्याकडं एक कागद देऊन जायचं. कुठल्या रस्त्यानं जाणार, दुपारी कुठं जेवणार, रात्री कुठलं मोटेल, आणि सगळ्यांचे फोन नंबर. तो कागद भिंतीवर लावलेला असायचा. गाडी वाटेत काही आवाज करायला लागली की मालक आम्हाला फोन करायचा आणि मी इथून आवाजावरून रोग ओळखायचो. फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचो. लोक म्हणायचे, मान्यांचा कान तयार आहे. कान कसला! भीती तयार होती.

आता बापट. चिंतामण बापट, मोठ्या कंपनीत इंजिनिअर, मूळ नागपूरचे. त्यांचं माझ्यावर फार प्रेम, आणि त्याला कारण होतं. आमच्या मंडळाचा गणपती शाळेच्या हॉलमध्ये बसायचा. तिथं नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न, "कुठं असता?" मी म्हणायचो, गॅरेजात. "म्हणजे ऑटोमोटिव्ह इंजिनिअर?" नाही हो, मेकॅनिक. मग "अच्छा, अच्छा" म्हणून समोरचा माणूस बटाटेवड्याच्या रांगेकडं बघायला लागायचा. वाईट नव्हती कुणी माणसं. पण डॉक्टर-इंजिनिअरांच्या त्या हॉलमध्ये नखात काळं असलेला मी एकटाच, आणि ते काळं कितीही घासलं तरी जात नसे. बापट मात्र हॉलच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायचे, "अरे, मानेसाहेब आले! सरका, सरका, जागा द्या!" आणि सगळ्यांना सांगायचे, "हा माणूस मेकॅनिक नाही, वैद्य आहे वैद्य." मला लाजल्यासारखं व्हायचं आणि आवडायचंही. खरं सांगायचं तर फारच आवडायचं.

बापटांनी एक हिरवी गाडी घेतली होती. सुटीच्या दिवशी गावातल्या गावात फिरवायचे. त्या वर्षी मात्र मोंटानाच्या मेळाव्याला जायचं ठरवलं, आणि नलूवहिनींना घेऊन. वहिनींना त्या गाडीचा भयंकर राग. "केस विस्कटतात, कंबर मोडते आणि पेट्रोलचा वास येतो, यात मजा कसली हो?" असं त्या माझ्यासमोरच म्हणाल्या. बापट म्हणाले, "नलू, एकदा चल. नाही आवडलं तर गाडी विकून टाकीन, शब्द देतो." वहिनी माझ्याकडं वळल्या. "मानेभाऊजी, तुम्ही सांगा. गाडी नीट आहे? तुम्ही हो म्हणालात तर बसते."

मी हो म्हणालो.

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. तुमच्या-आमच्या गाडीच्या चाकाला चार-पाच बोल्ट असतात. या जुन्या गाड्यांच्या तारांच्या चाकाला मधोमध एकच मोठा नट, त्याला दोन कान. ते कान तांब्याच्या हातोडीनं ठोकून नट आवळायचा. नट ज्याच्यावर बसतो त्या तुकड्याला हब म्हणतात. गंमत अशी की डाव्या चाकाचे आटे एका दिशेचे आणि उजव्या चाकाचे बरोबर उलट. ते तसे मुद्दाम केलेले असतात, म्हणजे गाडी पुढं धावताना दोन्हीकडचे नट आपोआप आवळत जातात. हब चुकून या बाजूचे त्या बाजूला गेले, तर गाडी धावताना नट आपोआप सैल होत जातात. आणि एक दिवस चाक गाडीच्या पुढं निघून जातं.

बापटांचे मागचे दोन्ही हब झिजले होते. मोडीतल्या एका गाडीचे चांगले हब नटांसकट मिळाले. त्यांच्यावर बाजूची खूण असते, पण ती घासून गेली होती. मी आट्यांवरून बाजू ओळखली आणि माझ्या पद्धतीप्रमाणे मांडून ठेवले. माझी पद्धत अशी की गाडीच्या डाव्या अंगाला जमिनीवर खडूनं "डा" लिहायचं, उजव्या अंगाला "उ", आणि ज्या बाजूचं सामान त्या अक्षरापाशी. कोल्हापुरात उस्तादानं लावलेली सवय, वीस वर्षांत कधी दगा दिला नव्हता. मंगळवारी संध्याकाळी असं मांडून मी घरी गेलो. बुधवारी सकाळी आलो, गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली, जुनं काढलं, नवं बसवलं. त्या दिवशी बापटांचे तीन फोन आले. पंख्याचा पट्टा बदलला का, जादा ट्यूब ठेवली का, नलू म्हणते तिच्या बाजूचं दार नीट लागत नाही. प्रत्येक फोनला हात पुसून उठायचं. संध्याकाळी बापट आले. मी त्यांना हातोडी दिली आणि शिकवलं, "रोज निघायच्या आधी आणि दुपारच्या मुक्कामानंतर चारही नटांना तीन-तीन ठोके. वरच्या कानावर, गाडीच्या शेपटीकडं. दोन्ही बाजूंना तेच, शेपटीकडं." त्यांनी वहीत लिहून घेतलं. ते सगळंच लिहून घ्यायचे.

गुरुवारी सकाळी नऊला ते निघाले. दुपारी एक वाजता मी डबा खाल्ला आणि त्यांच्या गाडीची जागा झाडायला घेतली.

त्या गाड्या उभ्या राहिल्या की इंजिनाखाली तेलाचे थेंब पाडतात, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक. जमिनीवर एक ठिपका होता, भिंतीकडच्या टोकाला. बरोबर, बापटांनी गाडी तोंड भिंतीकडं करून आत लावली होती. मी झाडत पुढं आलो. दुसरा ठिपका होता, दाराकडच्या टोकाला. ताजा.

झाडू तसाच हातात राहिला. एका गाडीला दोन इंजिनं नसतात. म्हणजे मंगळवारी गाडीचं तोंड भिंतीकडं होतं आणि बुधवारी दाराकडं. मधल्या वेळात फ्रँकनं दुसरी गाडी बाहेर काढायला ही काढली असणार आणि परत लावताना उलटी लावली असणार. आणि मी गाडीकडं न बघता खडूकडं बघून काम केलं. "डा" पाशी होतं ते सामान उजव्या चाकाला गेलं, "उ" पाशीचं डाव्याला. आवळताना कळायला नको होतं का? हवं होतं. पण हात नटाचं ऐकतो, जिकडं आवळतो तिकडं ठोकतो. त्यात बुधवारी सारखा फोन वाजत होता.

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. मी बापटांना शिकवलं होतं, शेपटीकडं ठोका. आटे उलटे असतील तर शेपटीकडं म्हणजे सैल. तो देवमाणूस वहीत बघून, दर मुक्कामाला, आपल्या हातानं स्वतःची चाकं सोडवत जाणार होता. शेजारी बायको बसलेली.

भिंतीवर कागद होता. "दुपारी साडेबारा ते अडीच, मॅडिसन, सुमनकडे जेवण." सुमन म्हणजे वहिनींची मावसबहीण. खाली नंबर. घड्याळात एक वाजून गेला होता. ती दोघं त्या क्षणी तिथं पाटावर, नाही, टेबलाशी बसून जेवत होती. एक फोन करायचा होता. "बापट, गाडीला हात लावू नका," एवढंच म्हणायचं होतं.

मी केला नाही.

का नाही केला, हे मी स्वतःला अनेक वर्षं अनेक प्रकारे समजावलं आहे. त्या वेळी मी म्हटलं, आधी खात्री करू. उगाच माणसांना घाबरवायचं कशाला? तो ठिपका दुसऱ्या गाडीचा असेल. मी बोट लावून वास घेतला, तेलाच्या वासावरून काय कळणार होतं कपाळ! मग गॅरेजची डायरी काढली. त्या जागी आठवडाभरात दुसरी गाडी उभीच नव्हती. मग म्हटलं, फ्रँक आला की विचारू, तो सुटे भाग आणायला गेला होता. मग पुन्हा ठिपके बघितले. एकदा फोनपाशी गेलो, मॅडिसनचा नंबर फिरवायला घेतला आणि शेवटचा आकडा फिरवायच्या आधी रिसीव्हर खाली ठेवला. माझ्या डोळ्यांपुढं गाडी नव्हती, वहिनी नव्हत्या. तो हॉल होता. बापट हॉलच्या त्या टोकाला उभे आहेत आणि मला बघून काही ओरडत नाहीत, एवढंच दिसत होतं. मी नुसता पाने-पकडी चाचपत, डायरी चाळत राहिलो. दोन वाजले. अडीच वाजले. अडीच वाजलेले मी बघितले.

फ्रँक तीनला आला. मी विचारलं, "मंगळवारी मी घरी गेल्यावर तू हिरवी गाडी फिरवून लावलीस?" तो म्हणाला, "हो, का?" मी जमिनीवरचे ठिपके दाखवले, खडू दाखवला. त्याला चार वाक्यांत सगळं कळलं. मला वाटलं शिव्या देईल. त्यानं हातातलं खोकं खाली ठेवलं, कागद भिंतीवरून ओरबाडला आणि थेट मॅडिसनला फोन लावला. मी नाही, त्यानं. पलीकडून मराठी ऐकून त्यानं रिसीव्हर माझ्या कानाला लावला. सुमनताई म्हणाल्या, "आत्ताच गेले हो, अर्धा तास झाला. जायच्या आधी काय ते चाकांना हातोडीनं ठोकत होते, मुलांना फार गंमत वाटली."

पुढचे तीन तास कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. त्यांच्या रात्रीच्या मुक्कामाच्या, मिसिसिपी नदीकाठच्या मोटेलला निरोप ठेवला. फ्रँकनं विस्कॉन्सिनच्या पोलिसांना फोन केला, हिरवी दोन सीटची गाडी दिसली तर थांबवा. तिकडून विचारलं, नेमक्या कुठल्या रस्त्यावर? आता आली का पंचाईत! बापटांनी कागदावर मॅडिसननंतर मोठे रस्ते टाळून आडवाटेनं एवढंच लिहिलेलं, नेमकं कुठून ते आम्हाला तरी कुठं ठाऊक? चार वाजले, पाच वाजले. नदीकडं उतरताना डोंगरातून वळणाचा रस्ता आहे, मी तो एकदा पाहिलेला होता आणि आता तोच मला सारखा दिसत होता. फ्रँक समोर बसून होता. एकदाच म्हणाला, "कधी लक्षात आलं तुझ्या?" मी म्हटलं, "मघाशी."

सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. नलूवहिनी.

"मानेभाऊजी, आम्ही एका शेतावर आहोत. घरातल्या बाईंनी फोन करू दिलाय. हे बाहेर गाडीपाशी थांबलेत."

"वहिनी, तुम्ही... कुणाला लागलं?"

"नाही. ऐका तर. जेवून निघालो तेव्हापासून मागून टक् टक् येत होतं. हे म्हणाले, जुन्या गाड्या बोलतात, नलू. मी म्हटलं, बोलू देत, पण मला उतरून बघू दे. थांबायला तयार होईनात, शेवटी ओरडले मी. उतरले तर पुढच्या चाकाचा तो कानवाला नट आत गेलेला आणि मागचा चांगला दोन बोटं बाहेर. हे हातोडी घेऊन आले. म्हणाले, ढिला झालाय, आवळतो. एक ठोका मारला, तो आणखी बाहेर आला. मी म्हटलं, अहो, बरणीचं झाकण लावताना कधी वर येतं का? हे म्हणाले, मान्यांनी शेपटीकडं सांगितलंय, वहीत आहे. मी सरळ जाऊन कुंपणाच्या खांबाला टेकून उभी राहिले. म्हटलं, मान्यांशी बोलल्याशिवाय मी बसणार नाही आणि तुम्हालाही बसू देणार नाही. पुढं तो उतार दिसत होता हो."

मी म्हटलं, "वहिनी, माझी चूक. दोन्ही हब उलटे बसवले. आम्ही तीन तास तुम्हाला शोधतोय."

मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"मघाशी" हा शब्द अगदी ओठावर होता, फ्रँकला सांगितला तोच. का कुणास ठाऊक, पण त्या बाईशी खोटं बोलवेना. "एक वाजता," मी म्हटलं.

"एक वाजता आम्ही सुमनकडं जेवत होतो. नंबर होता ना कागदावर?"

"होता."

"मग?"

फ्रँक बघत होता, त्याला मराठी कळत नव्हतं, पण माझा चेहरा कळत असणार.

मग वहिनीच म्हणाल्या, "बरं. ह्यांना यातलं काही सांगू नका. मी सांगते की तुम्ही आम्हाला शोधतच होता, सगळीकडं फोन लावत होता. ते खोटं नाही. हे तुम्हाला फार मानतात हो भाऊजी. त्यांचं मन मोडायला मला नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्रँकची व्हॅन घेऊन त्या शेतावर गेलो. बापटांनी मिठीच मारली. "अरे माने, तुम्ही पोलिसांपर्यंत गेलात आमच्यासाठी! चूक कुणाकडून होत नाही? पण ती कबूल करून जिवाचा एवढा आटापिटा करणारा माणूस कुठं मिळतो?" मी खाली मान घालून हब बदलले. वहिनी चहाचा थर्मास घेऊन शेजारी उभ्या होत्या. प्रत्येक नट आवळताना त्या वाकून बघत होत्या, आत जातोय का. चारही झाले तेव्हा मला कप दिला आणि गाडीत जाऊन बसल्या. मोंटानाला जाऊन ती दोघं सुखरूप परत आली. गाडी काही विकली नाही, पुढं अनेक वर्षं वहिनी तिच्यातून हिंडल्या.

आणि बापट ती गोष्ट सांगायला लागले. गणपतीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पुरुष बाहेर बसायचे तेव्हा, कुणाच्या मुंजीत. "मानेंच्या लक्षात आलं मात्र, त्याच क्षणी फोनवर झडप घातली! एक मिनिट दवडलं नाही हो या माणसानं!" सगळे माझ्याकडं बघायचे. ज्या लोकांनी कधी माझ्याकडं धड पाहिलं नव्हतं ते हात मिळवायचे. वहिनी तिथंच असायच्या, कुणाला तरी वाढत. एकदाही त्यांनी तोंड उघडलं नाही. फक्त "त्याच क्षणी" हे शब्द आले की त्या स्वयंपाकघरात काहीतरी आणायला जायच्या. मी मात्र बसून राहायचो आणि वाहवा घ्यायचो. तीस वर्षांहून जास्त काळ घेतली.

बापट आता पंच्याऐंशीच्या पुढं आहेत. गाडी चालवत नाहीत, पण मंडळाचा हा अंक घरी आला की जाहिरातींसकट पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. मला हे लिहायचं होतं म्हणून गेल्या महिन्यात मी वहिनींना फोन केला. म्हटलं, "तुम्ही सांगू नका म्हणाला होता, ते अजून पाळतोय. पण आता सांगावंसं वाटतं. त्यांनी वाचलं तर चालेल का?"

मागं बापटांचा आवाज येत होता, कुणाचा फोन आहे म्हणून विचारत होते. "मान्यांचा," वहिनी त्यांना म्हणाल्या. "अरे, मानेसाहेब!" तिकडून आरोळी आली, अगदी हॉलमध्ये यायची तशी.

मग वहिनी हळू आवाजात मला म्हणाल्या, "लिहा. पण एक वाजता असंच लिहा, भाऊजी. अडीच करू नका."